स्टाइल बदलली म्हणून नाही, गिटारने बाकी तिघांची जागा खाल्ली म्हणून

प्रश्न थोडक्यात असा आहे: स्टोन रोझेस या मँचेस्टरच्या बँडचा १९८९ चा पहिला अल्बम ऐकून एक पोरगा येडा झाला, मग लगेच दुसरा म्हणजे 'सेकंड कमिंग' लावला आणि तिसऱ्या गाण्यापर्यंत पोचेस्तोवर तोंड पडलं. हा तोच बँड आहे का? प्रोड्यूसर बदलला म्हणून असं झालं, पैसा आला म्हणून, की सत्तरच्या दशकातल्या हेवी रॉकवाल्या लेड झेपेलिनसारखं व्हायची हौस आली म्हणून? आणि खाली जाता जाता त्याने लिहिलंय की आमचा बँडपण पुढच्या रेकॉर्डिंगला हेवी व्हायचं म्हणतोय, मी ड्रमर आहे, मला जरा टेन्शन आलंय.

मी पुण्यात गिटार वाजवतो, शिकवतो, आणि पोटापाण्यासाठी मुख्यतः दुसऱ्यांचे बँड रेकॉर्ड करतो. त्यामुळे उत्तर लांबणार आणि गिटारवाल्यांना टोचणार, मी स्वतः त्याच जमातीतला असलो तरी.

पहिल्यांदा एक गोष्ट क्लिअर करू. स्टाइल बदलणं हा प्रॉब्लेमच नव्हता. पहिला अल्बम आला मे १९८९ मध्ये, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये याच लोकांनी 'फूल्स गोल्ड' काढलं. जवळजवळ दहा मिनिटांचं गाणं, खाली फंकचा लूप गोल गोल फिरतोय, वर वाह पेडलवर गिटार, गाणारा जवळपास कुजबुजतोय, पहिल्या अल्बमच्या साठच्या दशकातल्या गोड पॉपशी काडीचा संबंध नाही. सहा महिन्यांत एवढी उडी मारली आणि कोणी बोंब मारली नाही, उलट गाणं ब्रिटनच्या टॉप टेनमध्ये गेलं. पुढच्या वर्षी 'वन लव्ह' या सिंगलच्या मागच्या बाजूला 'समथिंग्ज बर्निंग' आलं, ते तर अजूनच खाली उतरलेलं, अंधारं, ठेक्यावर चालणारं, आणि माझ्या मते हा बँड पुढे कुठे जाऊ शकला असता याचा नकाशा त्या एका बी-साइडमध्ये आहे. म्हणजे फॅन लोकांना बदल चालत होता. चालला नाही तो एका ठरावीक प्रकारचा बदल, आणि तो कुठला हे कळायला आधी पहिला अल्बम कशावर चालतो ते बघायला लागतं.

चार जण. इयन ब्राउन गायला, जॉन स्क्वायर गिटारवर, मानी बासवर, रेनी ड्रम्सवर. आता ब्राउनचा आवाज, स्पष्टच बोलतो, छोटा आहे. रेंज कमी, दम कमी, लाइव्हला सुरात राहील याची खात्री कधीच नव्हती. पण पहिल्या अल्बमवर हाच आवाज जादू करतो, कारण त्याला ओरडायला लागत नाही, त्याच्यासाठी मधोमध जागा मोकळी ठेवलेली आहे, आणि वर रेनीचा दुसरा आवाज आहे, जो कित्येकांच्या लक्षातच येत नाही. ड्रम्स वाजवता वाजवता हा माणूस वरच्या सुरात साथ करायचा आणि ब्राउनच्या पातळ आवाजाला अस्तर लावल्यासारखं व्हायचं. स्क्वायर बहुतेक वेळ वरच्या तारांवर तुटक तुटक सूर छेडतोय, पूर्ण कॉर्ड दाबून बसत नाही. त्यामुळे खालचा सगळा मजला मानीला मोकळा, आणि मानी तिथे नुसते रूट नोट्स वाजवत नाही, चाल वाजवतो. 'शी बँग्ज द ड्रम्स' लाव, हाय-हॅटनंतर पहिली चाल येते ती बासची, गिटारची नाही. पोरं ते गाणं गुणगुणतात तेव्हा अर्ध्या वेळा मानीच गुणगुणत असतात, त्यांना माहीत नसतं एवढंच.

'आय वॉना बी अडोर्ड' घे. गाणं सुरू व्हायला सुमारे दीड मिनिट लागतं. आधी नुसती घरघर, मग बास, मग गिटार हळूच, मग ड्रम्स, प्रत्येकजण दारातून एकेक करून आत येतो आणि प्रत्येक वेळी खोली बदलते. हे लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

आणि 'आय अ‍ॅम द रेझरेक्शन'ची शेवटची चार मिनिटं. तू ड्रमर आहेस ना, मग ती चार मिनिटं तुला पाठ पाहिजेत. गाणं संपतं आणि तिघेजण वाजवत सुटतात, ब्राउनला काही कामच नाही. तिथे स्क्वायर भरपूर वाजवतो, पण थांबतोसुद्धा. तिघे एकदम गप्प होतात, परत समेवर येतात, रेनी मधल्या सोळाव्या मात्रांमध्ये स्नेअरवर इतके हलके ठोके टाकतो की ते ऐकू कमी येतात आणि पायाला जास्त कळतात. या गाण्याची सुरुवातच मुळात टवाळकीतून झाली असं बँडवाल्यांनीच सांगितलंय, साउंडचेकला मानी बीटल्सच्या 'टॅक्समन'ची बासलाइन उलटी वाजवायचा, बाकीचे त्यात घुसले आणि पुढे त्यातून गाणं उभं राहिलं. साउंडचेकला. म्हणजे गिगच्या आधी, स्टेजवर, चौघे एका जागी असताना. हेपण लक्षात ठेव.

हा अल्बम रेकॉर्ड केला जॉन लेकीने, जो १९७० पासून अ‍ॅबी रोड स्टुडिओत टेप ऑपरेटर म्हणून शिकून वर आलेला माणूस. त्याने काय केलं तर चौघांमधली हवा शाबूत ठेवली. ऐकायला हे फार साधं वाटतं, करायला महाकठीण आहे, कारण स्टुडिओत प्रत्येक वादकाला स्वतःचं वाद्य थोडं वर हवं असतं आणि इंजिनिअरच्या खुर्चीच्या मागे उभं राहून ते तसं सांगतातही.

मग पुढची पाच वर्षं.

२७ मे १९९० ला विडनेसजवळ स्पाइक आयलंडवर, केमिकल कारखान्यांच्या शेजारी, सत्तावीस हजारांच्या आसपास पब्लिक जमलं. जूनमध्ये ग्लासगोला एक गिग झाला. आणि मग बँड स्टेजवरून जो गायब झाला तो थेट १९९५ च्या एप्रिलमध्ये ऑस्लोला उगवला. मधल्या काळात काय झालं तर सिल्व्हरटोन या त्यांच्या लेबलबरोबर कोर्टकचेरी. त्यांना दुसरीकडे रेकॉर्ड करायला मनाई झाली, केस उभी राहिली, मे १९९१ मध्ये लंडनच्या हायकोर्टाने तो करार अन्यायकारक ठरवून त्यांना मोकळं केलं, मग गेफन या अमेरिकन लेबलने भरपूर पैसे देऊन सही घेतली. पुढच्या वर्षी मॅनेजरलाही डच्चू दिला. मग पोरं झाली, घरं झाली, प्रत्येकजण आपापल्या गावी. ड्रग्जच्या कहाण्या खूप आहेत, त्यात मी पडत नाही, कारण त्याच ड्रग्जच्या धुंदीत त्या काळात मँचेस्टरमध्ये चांगले रेकॉर्डही झालेले आहेत.

दुसऱ्या अल्बमबद्दल एक ठरलेलं वाक्य सगळीकडे ऐकू येतं की पहिल्यासाठी आख्खं आयुष्य असतं आणि दुसऱ्यासाठी एक वर्ष. इथे ते लागूच होत नाही! इथे वेळच वेळ होता. उलट एवढा वेळ होता हेच वाईट झालं. बँडला नवीन गाणी लोकांसमोर वाजवून बघायची संधीच जवळपास पाच वर्षं मिळाली नाही. स्टेजवर गाणं वाजवलं की दोन मिनिटांत कळतं कुठे पब्लिक बारकडे वळतंय, कुठला सोलो लांबलाय, कुठल्या ओळीला गायकाचा श्वास तुटतोय. हे ऑडिट स्टुडिओत होत नाही. 'रेझरेक्शन' ज्या साउंडचेकमधून आलं तसले साउंडचेकच संपले होते, तर मग नवीन गाणी कुठून येणार? ती आली एकट्या गिटारवाल्याच्या घरातून, आणि ती तशीच ऐकू येतात.

तुझ्यासाठी सगळ्यात बोलका पुरावा क्रेडिट्समध्ये आहे. पहिल्या अल्बमवर गाणी स्क्वायर आणि ब्राउन यांच्या जोडीच्या नावावर. दुसऱ्यावर १२ पैकी ९ गाणी एकट्या स्क्वायरची. एक ब्राउनचं एकट्याचं, एक दोघांचं, आणि एकच, 'डेब्रेक', चौघांच्या नावावर. हे दोघे शाळेपासूनचे दोस्त बरं का, एकाच गल्लीत वाढलेले म्हणावं असे. आता नाव कोणाचं यावरून गाण्याची क्वालिटी ठरत नाही हे मान्य, पण कोण खोलीत होतं आणि कोण नव्हतं ते मात्र यावरून बऱ्यापैकी कळतं.

प्रोड्यूसरचं विचारलंस. लेकीने सुरुवात केली होती, पण गाणीच तयार नाहीत हे बघून तो १९९३ मध्ये बाहेर पडला. मग पॉल श्रोडर, जो पहिल्या अल्बमला इंजिनिअर होता, तो आला, तोही टिकला नाही, शेवटी सायमन डॉसनने काम तडीस नेलं. जागा होती रॉकफील्ड, वेल्समध्ये मॉनमथजवळ, एका शेतावरच्या गोठ्या-कोठारांचा केलेला स्टुडिओ, तिथेच राहायचं, तिथेच जेवायचं. मला अशा राहून रेकॉर्ड करायच्या स्टुडिओंबद्दल नेहमी धाकधूक वाटते. आपल्याकडे तासावर पैसे मोजायचे असतात, घड्याळ बघून पोरं घामाघूम होतात, पण त्या घामाचा एक फायदा असतो की दुसऱ्या नाही तर तिसऱ्या टेकला निर्णय होतो. लेबलचे पैसे आहेत आणि बाहेर गाई चरताहेत अशा ठिकाणी गिटारवर गिटार चढवत बसायला कोणीच अडवत नाही. तेव्हा प्रोड्यूसर 'बदलला' म्हणून बिघडलं असं मी म्हणणार नाही, प्रोड्यूसर पळाला हे बिघडल्याचं लक्षण होतं.

आता रेकॉर्ड लाव. पहिलंच गाणं 'ब्रेकिंग इनटू हेवन', अकरा मिनिटांच्या वर. पहिली चारेक मिनिटं पाण्याचा खळखळाट, जंगल, गिटारचे चीत्कार, तालवाद्यं. लोक म्हणतात इंट्रो लांब आहे. अरे, 'अडोर्ड'चा इंट्रोपण लांबच होता की! फरक असा आहे की तिथे माणसं आत येत होती, इथे नुसतं वातावरण आहे आणि त्या वातावरणात एकटी गिटार हिंडतेय. आणि गंमत म्हणजे चार-साडेचार मिनिटांनी एकदाचे मानी आणि रेनी घुसतात तेव्हा ठेका असला खतरनाक आहे की मी अजूनही व्हॉल्यूम वाढवतो. म्हणजे माल होता. फक्त तिथवर पोचायला पब्लिकला पाच वर्षं आणि वर चार मिनिटं थांबायला लावलं.

त्यानंतर 'ड्रायव्हिंग साउथ'. इथे मी विद्यार्थ्यांना बसवून ऐकवतो. ब्लूजचा जाड रिफ, म्हणजे परत परत येणारी गिटारची चाल, गेन भरपूर, लेस पॉल गिटारचा भरलेला आवाज. ब्राउन ओळ गातो, ओळ संपली की गिटार, ओळ चालू आहे तरी खाली गिटार, श्वास घ्यायला थांबला की तिथेही गिटारची एक लिक. मैफिलीत पेटीवाला गायकाच्या प्रत्येक जागेवर हात चालवायला लागला की श्रोते आधी वाहवा करतात आणि दहा मिनिटांनी त्यांना गायकाचीच कीव यायला लागते, तसं होतं. स्क्वायर वाईट वाजवतोय का? अजिबात नाही. हातात पहिल्यापेक्षा दुप्पट ताकद आलीय, वर्षानुवर्षं घासल्याचं कळतं. पण पहिल्या अल्बमवर तो गाण्यासाठी वाजवत होता आणि इथे गाणं त्याच्या वाजवण्यासाठी आहे.

जरा टेक्निकल बोलतो, तुला उपयोग होईल. डिस्टॉर्शन लावलेली जाड गिटार मुख्यतः २०० ते ५०० हर्ट्झच्या पट्ट्यात पसरते. बासची चाल जिथे कळते ती जागा तीच, टॉमचा गाभा तिथेच, आणि ब्राउनसारख्या हलक्या, जरा नाकातल्या आवाजाला जो काही थोडाफार भरीवपणा मिळतो तोही त्याच पट्ट्याच्या आसपास. एक गिटार असेल तर चालून जातं. दोन, तीन, चार थर चढवले की बास ढुम्म एवढाच उरतो, चाल दिसेनाशी होते, आणि गायकाला पुढे आणायला इंजिनिअर वरची धार वाढवतो, मग आवाज अजूनच पातळ आणि कडक होतो. 'सेकंड कमिंग' ऐकताना कान थकतात ते याच्यामुळे, हे माझं इंजिनिअर म्हणून मत. मिक्समध्ये हे सुटत नाही, फेडर खालीवर करून काही होत नाही, हे अरेंजमेंटमध्येच सुटतं, म्हणजे कोणीतरी कोणालातरी 'इथे वाजवू नको' असं सांगायला लागतं. रिमास्टर केलेलं ऐकलं तरी तेच, कारण जे आधीच भरून टाकलंय त्यात नंतर जागा कुठून काढणार.

झेपेलिनचं म्हणशील तर हो, प्रभाव उघड आहे, लपवलेलाही नाही. पण झेपेलिनची गाणी नीट ऐक, त्यांच्या रिफमध्ये केवढाल्या फटी असतात. गिटारवर पेज वाजवतो आणि थांबतो, त्या फटीत ड्रमर बॉनम ठोकतो, बासवर जॉन पॉल जोन्स खालून स्वतःचीच काहीतरी चाल चालवतो. शिवाय त्यांच्याकडे प्लांट होता, ज्याचा गळा मार्शल अँपच्या भिंतीवरूनही पलीकडे जायचा. स्क्वायरने पेजचा हात उचलला, फटी उचलल्या नाहीत, आणि गळा तर उचलता येत नाहीच. 'टिअर्स' ऐक, अकूस्टिकवर हळू सुरू होऊन मग चढत जाणारं मोठं गाणं, त्या चढावर ब्राउनची जी ओढाताण होते ती ऐकवत नाही. त्यात ब्राउनचा दोष शून्य. जो माणूस कानात बोलल्यासारखा गाऊन स्टेडियम गप्प करतो त्याला डोंगरावरून हाक मारायला लावलीय.

एवढं बोलून झाल्यावर अल्बम टाकाऊ आहे असं समजू नकोस हां. 'लव्ह स्प्रेड्स' जबरदस्त आहे, स्लाइड गिटारचा रिफ, आणि इथे बघ, रिफ वाजतो, थांबतो, ब्राउन खालच्या सुरात जवळजवळ बोलतो, म्हणजे हेवी होऊनही गायकाला त्याच्या घरातच ठेवलंय. सिंगल म्हणून ब्रिटनमध्ये दुसऱ्या नंबरला गेलं ते उगाच नाही. 'टेन स्टोरी लव्ह साँग' पहिल्या अल्बमवर बसलं असतं. 'टाइटरोप'मध्ये अकूस्टिक गिटार आणि एकत्र गायलेले आवाज, ब्राउनच्या बाजूला पुन्हा कोणीतरी आहे आणि लगेच तो माणूस वेगळा वाटायला लागतो. 'बेगिंग यू' तर पूर्ण वेगळीच दिशा, लूप, गोंगाट, डान्स फ्लोअरचा वेग, 'फूल्स गोल्ड'चा मोठा झालेला आणि बिघडलेला भाऊ. आणि 'डेब्रेक', जे चौघांचं आहे, ते जॅम आहे हे लगेच कळतं, लय आत आहे, लोक एकमेकांकडे बघून वाजवताहेत. म्हणजे जिथे जिथे चौघे होते तिथे तिथे अल्बम श्वास घेतो. माझं म्हणणं मी यावरच उभं करतोय, नुसत्या आवडीनिवडीवर नाही. उरलेल्यात 'गुड टाइम्स' मला आजही सहन होत नाही, त्यावर वेळ घालवू नकोस.

अपेक्षाभंगात टायमिंगचाही हात होता. अल्बम आला ५ डिसेंबर १९९४ ला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ब्लरचा 'पार्कलाइफ', ऑगस्टमध्ये ओअ‍ॅसिसचा 'डेफिनेटली मेबी' येऊन गेलेला. ओअ‍ॅसिसचा गायक लिअम गॅलगर स्टोन रोझेस बघूनच गायक व्हायचं ठरवून बसला होता, म्हणजे ज्यांनी पोरांना गिटारवर गाणी म्हणायला लावलं तेच परत आले तेव्हा पोरं पुढे निघून गेलेली, आणि हे लोक आले ते सत्तरच्या दशकातले सोलो घेऊन. परतीची मुलाखत त्यांनी मोठमोठ्या म्युझिक साप्ताहिकांना न देता 'बिग इश्यू'ला दिली, जे बेघर लोक रस्त्यावर विकतात ते नियतकालिक. मला हे फार आवडलेलं आहे, पण त्याने साप्ताहिकवाले चिडले नसतील असं मानायला मी तयार नाही. तरी अल्बम चौथ्या नंबरपर्यंत गेला. सपशेल पडला वगैरे जे सांगतात ते खरं नाही, विकला गेला, फक्त प्रेमात कोणी पडलं नाही.

आणि बँडचं काय झालं ते बघ. टूर सुरू व्हायच्या तोंडावर, १९९५ च्या वसंतात, रेनी सोडून गेला. सगळ्यात आधी ड्रमर गेला! मग त्याच वर्षी ग्लॅस्टनबरी फेस्टिव्हलला मुख्य बँड म्हणून वाजवायचं होतं तर स्क्वायर कॅलिफोर्नियात सायकलवरून पडून खांद्याचं हाड मोडून बसला, त्यांच्या जागी पल्प आला आणि त्या एका रात्रीत पल्प स्टार झाला. एप्रिल १९९६ मध्ये स्क्वायरही गेला. ऑगस्टमध्ये रेडिंग फेस्टिव्हलला ब्राउन आणि मानी दुसरे वादक घेऊन उभे राहिले, त्या रात्रीच्या बेसूर गाण्याची रेकॉर्डिंग्ज सापडतात, ऐकू नकोस. ऑक्टोबरमध्ये दुकान बंद. स्क्वायरने सीहॉर्सेस काढला, मानी प्रायमल स्क्रीममध्ये गेला आणि तिथे त्याच्या बासला परत जागा मिळाली, ते ऐकताना मला नेहमी बरं वाटतं. २०१२ मध्ये मँचेस्टरच्या हीटन पार्कला चौघे परत एकत्र आले तेव्हा पब्लिकने शब्दन् शब्द गायला तो पहिल्या अल्बमचा, हे वेगळं सांगायला नको.

आता कोणी म्हणेल की दुसऱ्या अल्बमला साउंड बदलूच नये. चूक. जॉन लेकी रोझेसमधून बाहेर पडला आणि पुढे त्याने रेडिओहेडचा दुसरा अल्बम 'द बेंड्स' केला, तो आला मार्च १९९५ मध्ये, 'सेकंड कमिंग'नंतर अवघ्या तीन महिन्यांनी. तिथेही साउंड बदलला, तिथेही तीन-तीन गिटार आहेत, पण प्रत्येक गिटार वेगळ्या उंचीवर आहे आणि मधे गायकाला मोकळं मैदान. तोच प्रोड्यूसर, तोच काळ, तिथेही बँडचा दुसरा अल्बम. फरक तुझ्या कानाला लगेच कळेल, दोन्ही एकामागून एक लाव. (जाता जाता एक गंमत, आपल्या मुंबईच्या रॉक मशीनच्या दुसऱ्या अल्बमचं नावही 'द सेकंड कमिंग'च होतं, तोही १९९० चा, म्हणजे मँचेस्टरवाल्यांच्या आधीचा. पुढे ते नाव बदलून इंडस क्रीड झाले, साउंडही बदलला, आणि जुने फॅन तेव्हाही कुरकुरलेच.)

तर तुझ्या बँडचं. हेवी व्हायला काही हरकत नाही, भांडू नकोस, भांडलास तर 'ड्रमरला जमत नाही म्हणून' असं म्हणतील. त्यापेक्षा दोन-चार गोष्टी करून घे. नवीन गाण्यांचा डेमो करताना नियम लावा की गिटार एकच, ओव्हरडब (नंतर वर चढवलेला थर) नाही. आणि त्याच्याही आधी एकदा गिटार पूर्ण म्यूट करून फक्त बास, ड्रम्स आणि गाणं एवढंच ऐका. गाणं ओळखू येतंय का, मान हलतेय का? नसेल तर गिटारचे थर चढवून ते हलणार नाही, फक्त मोठ्याने होईल. हल्ली स्टेम, म्हणजे गाण्यातलं एकेक वाद्य, वेगळे करणारी सॉफ्टवेअर फुकटात मिळतात, 'डेब्रेक' आणि 'ड्रायव्हिंग साउथ' दोन्ही टाकून बास-ड्रम्स वेगळे काढून सगळ्यांनी बसून ऐका, गिटारिस्टलाही बसव, माझं नाव सांगितलंस तरी चालेल. रेनी दोन्हीकडे काय करतोय आणि त्यातलं फायनल मिक्समध्ये किती उरलंय हे त्याला स्वतःच्या कानाने ऐकू दे, वाद घालायची गरजच पडणार नाही.

रेकॉर्डिंगच्या आधी ही गाणी कुठेतरी वाजवा. कॉलेजचं गॅदरिंग, कोणाचा तरी कॅफे, वीस माणसं असली तरी चालतील. मोबाइल समोरच्या टेबलावर ठेवून रेकॉर्ड करा, नंतर ऐकताना पब्लिक कुठे बोलायला लागलंय तेवढंच बघा, वाजवण्यातल्या चुका मोजू नका.

आणि सिंगरचा विचार तूच कर, कारण गिटारिस्ट करणार नाही. हेवी म्हटलं की पहिला उद्योग होतो तो ट्यूनिंग खाली न्यायचा, ड्रॉप डी किंवा अजून खाली. मग गाण्याची पट्टी आपोआप खाली घसरते, सिंगर खालच्या सुरात नुसता पुटपुटतो, ऐकू येत नाही म्हणून वरच्या सप्तकात ओरडायला लागतो आणि तिथे त्याचा गळा चिरकतो. त्यामुळे आधी तुमच्या सिंगरला साध्या अकूस्टिकबरोबर बसवून त्याचा आवाज कुठल्या सुरांमध्ये सगळ्यात जास्त भरीव लागतो ते शोधा, ती पट्टी नक्की करा, आणि मग गिटारिस्टला सांगा की या पट्टीत तुला काय हेवी करायचं ते कर. कॅपो (तारा दाबून पट्टी वर चढवणारा चिमटा) लावायला लाजत असेल तर लाजू दे.